गावी गेलेली माणसं

मी जात्याच भित्री. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुठे मी धीटपणा केल्यासारखं वाटलं तर वाचणाऱ्याने त्यावर फार विश्वास ठेवू नये. पालीला भिते, लिफ्टला भिते, बँकेच्या खिडकीपलीकडच्या माणसाला भिते, आणि रक्त बघितलं की मला आडवंच व्हावं लागतं. बारावीला बरे मार्क पडले तेव्हा सुरतेतल्या आमच्या बमरोलीच्या गल्लीने मला परस्पर डॉक्टर करून टाकलं होतं. शेजारच्या काकांनी तर आपलं गुडघ्याचं दुखणं माझ्यासाठी राखून ठेवलं होतं, आता घरचाच डॉक्टर होणार म्हणून. पण शाळेत चिरफाडीला आणलेल्या बेडकाची पेटी उघडल्याबरोबर मी कशी कोसळले होते ते मला आठवत होतं. मी गुपचूप संख्याशास्त्र घेतलं.

पदवी झाल्यावर एम.एस्सी.ला वैद्यकीय संख्याशास्त्र मिळालं तेव्हा वाटलं, चला, आपली सोय झाली. दवाखाना आहे पण रक्त नाही. रोगी आहेत पण त्यांचं कण्हणं ऐकू येत नाही. एका माणसाची एक ओळ, त्याचं वय, त्याचं वजन, त्याचा श्वास, सगळं आकड्यांत. नाव नसतं, तोंड नसतं. मायला मात्र हा विषय काय आहे हे कोणाला समजावून सांगता यायचं नाही. नळावर कोणी विचारलं की ती म्हणायची, “मनी आंडेर डाक्तरस्ना हिशोब करस,” माझी पोरगी डॉक्टरांचा हिशोब करते. यावर बाया मान डोलवायच्या. डॉक्टर एवढी फी घेतात म्हणजे हिशोबाला माणूस लागणारच, असा त्यांचा समज.

माझी भीती पहिल्या वर्षी नुसती परीक्षेची होती. शिकवणं इंग्रजीत, वर्गात बहुतेक गुजराती मुलं, हसणं-खिदळणं गुजरातीत, आणि मी आपली सूत्रं अहिराणीत पाठ करणारी. फळ्यावर सरांनी एखादं लांबलचक समीकरण लिहायला घेतलं की मी वहीत तोंड खुपसायची. पण ती भीती साधी होती. ती परीक्षेबरोबर यायची आणि निकालाबरोबर जायची. दुसऱ्या वर्षाला जी आली ती जायला तयार नाही.

दुसऱ्या वर्षाला प्रबंध असतो. माझ्या गाइड मॅडम गुजराती, पन्नाशीच्या पुढच्या, बोलायला मोजक्या. त्यांनी मला एक फाइल दिली. यंत्रमागावर काम करणाऱ्या लोकांच्या फुप्फुसांची ती पाहणी होती. वर्षातून एकदा आरोग्यसेविका कामगारांच्या वस्तीत जायच्या, एका छोट्या यंत्रात प्रत्येकाला जोराने फुंकायला लावायच्या आणि फुंकर किती भरली ते टिपून आणायच्या. असं काही वर्षं चाललेलं. मी शोधायचं होतं ते एवढंच, की मागावर लागल्यापासून किती वर्षांनी माणसाची फुंकर कमी पडायला लागते.

या कामाची एक ठरलेली रीत आहे, ती सांगावीच लागेल, कारण सगळं तिच्यातूनच झालं. कागदावर एक रेघ काढायची. सुरुवातीला सगळे धडधाकट, म्हणून रेघ वर. एखादा आजारी पडला की रेघ एक पायरी खाली उतरते. पण काही माणसं मधूनच निघून जातात. घर बदलतात, काम सोडतात, पुढच्या वर्षी भेटत नाहीत. त्यांचं काय करायचं? पुस्तक सांगतं, ते जिथपर्यंत दिसले तिथपर्यंत त्यांना धरायचं आणि मग अलगद बाजूला करायचं. गृहीत असं, की जे गेले त्यांचं पुढे जे काही होईल ते मागे राहिलेल्यांसारखंच होईल. मी ते वाक्य तोंडपाठ केलं होतं. तोंडी परीक्षेत हमखास विचारतात.

माझ्या फायलीत अशी मधूनच गेलेली माणसं पुष्कळ होती. त्यांच्यापुढे कारण म्हणून एकच शब्द पडलेला असायचा, ‘वतन’. म्हणजे मूळगावी गेला. सुरतेत बाहेरून आलेल्या प्रत्येकाला एक वतन असतं, कोणाचं ओडिशात, कोणाचं उत्तर प्रदेशात, आमचं खानदेशात. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. उधन्याच्या स्टेशनावर सकाळी गाडी पकडली की दुपारी आपल्या माणसांत. लोक जाणारच. मी पुस्तकाप्रमाणे त्यांना बाजूला केलं आणि रेघ काढली.

रेघ फार सुंदर आली. वर्षामागून वर्षं गेली तरी खाली उतरायला तयार नाही. उलट जुने कामगार नव्यांपेक्षा ठणठणीत दिसत होते. मॅडमनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाल्या, “सरस.” त्यांच्याकडून एवढं मिळालं म्हणजे फार झालं. मी त्या आनंदात घरी येताना कोपऱ्यावरून लोचो बांधून घेतला.

घरी आप्पा खाटेवर बसून खोकत होते.

माझे वडील, म्हणजे आप्पा, लग्नाच्याही आधीपासून खात्यावर. माग चालतात त्या शेडला आमच्याकडे खातं म्हणतात. आत शिरलं की कानात दुसरा आवाज शिरत नाही आणि हवेत बारीक तुसं तरंगत असतात, ती भुवयांवर, केसांवर, डब्यातल्या भाकरीवर येऊन बसतात. लहानपणी आप्पा घरी आले की मी त्यांच्या भुवया फुंकून साफ करायची, तो आमचा खेळ होता. खोकला त्यांना किती वर्षं होता हे मला सांगता येणार नाही. घरातल्या पंख्याचा आवाज जसा ऐकू येईनासा होतो तसा तो आम्हाला ऐकू येईनासा झाला होता. कोणी विचारलंच तर ते म्हणायचे, “धूळ बठेल शे गळामा, निंघी जाई.” माय आलं-गूळ उकळून द्यायची. विषय संपायचा.

त्या दिवशीही संपला. लोचो खाऊन त्यांनी बोटं पुसली आणि विचारलं, “काय लिखी ऱ्हायनी तू?” मी म्हटलं, मागावरच्या लोकांची फुप्फुसं कशी असतात ते. “मंग? कशी शेत?” मी म्हटलं, चांगली आहेत, आप्पा. ते हसले, आणि हसताहसता पुन्हा खोकले.

नंतरच्या एका सुट्टीच्या दिवशी सकाळी मी कणीक मळत होते. आमची खोली एकच. मध्ये साडीचा पडदा, त्याच्या अलीकडे चूल आणि पलीकडे खाट. दारात कोणीतरी बाई आली. हातात वही, खांद्याला निळी पिशवी. पिशवीतून डोकावणारं यंत्र मी ओळखलं. प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं, पण माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात त्याचा फोटो मीच चिकटवला होता. आरोग्यसेविका! माझ्या पाहणीतली! मला एकदम नातेवाईक आल्यासारखा आनंद झाला. पिठाचे हात पुसत मी पुढे होणार, तोच मायने पदर डोक्यावर ओढला आणि दार अडवून उभी राहिली.

“काका हैं घर पे?” बाईने आप्पांचं नाव घेऊन विचारलं.

“नही, बेन. वो तो गाँव गये.”

“पाछा वतन? क्यारे आवशे?”

“दिवाली को आयेंगे.”

बाईने वहीत काहीतरी टिपलं आणि पुढच्या दाराकडे वळली. पुढच्या दारातही तेच. त्याच्या पुढच्याही. मी पडद्याकडे बघितलं. पडद्याच्या खालून आप्पांची पावलं दिसत होती. मी पडदा सारला. ते खाटेवर वाकून बसले होते, टॉवेलचा बोळा तोंडात कोंबलेला, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. खोकला आतल्या आत दाबून धरण्यात त्यांचं सगळं अंग थरथरत होतं. बाई गल्लीच्या टोकाला गेल्यावर त्यांनी बोळा काढला आणि मग जे खोकले ते मला बघवेना.

मी मायला विचारलं, हे काय? खोटं का सांगितलंस? ती चुलीवर तवा ठेवत म्हणाली, “शेटले कळनं तं दुसऱ्या दिनले खातामाथून काढी टाकी. मंग?” मी म्हटलं, शेटला कसं कळेल, कोणाचं नाव बाहेर जात नाही. “तुले काय माहीत? सारी गल्ली आसंच सांगस. औंदाच नही, मांगला सालले बी सांगं व्हतं.”

मागच्या सालीही. म्हणजे आप्पा माझ्या फायलीत होते. माझ्याच हाताने मी त्यांना अलगद बाजूला केलं होतं.

मी घाबरले ती तेव्हा. खोटं बोलण्याचा राग वगैरे काही नव्हता. मी कणकेपाशी जाऊन बसले. आमच्या लोकांत जो धडधाकट असतो तो दारात येऊन फुंकून दाखवतो. त्याला कसली भीती? फुंकून दाखवण्याची मजाच वाटते, पोरं टाळ्या पिटतात. जो खोकतो तोच गावी जातो. काही पडद्यामागे जातात, काही खरोखर गाडीत बसून जातात, पण जातात ते खोकणारेच. मागे जे उरतात ते सगळे ठणठणीत, म्हणून माझी रेघ सुंदर. मी पुस्तकातलं ते तोंडपाठ वाक्य मनात म्हणून बघितलं. जे गेले त्यांचं पुढे राहिलेल्यांसारखंच होईल.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन मी फाइल उघडली. आप्पांची ओळ शोधू नये हे मला कळत होतं. माणसाची ओळख लपवलेली असते ती उगीच नाही, आणि तसं वचन मी लिहून दिलं होतं. तरी मी शोधली. पन्नाशीकडे झुकलेलं वय, मागावर एवढी वर्षं, वस्ती बमरोलीकडची, मागच्या साली ‘वतन’. मला वाटलं एक ओळ निघेल, फार तर दोन. कॉम्प्युटरचा पडदा भरून ओळी निघाल्या. खाली सरकवत गेले तरी संपेनात. यातले माझे आप्पा कोणते हे मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही. मी घाईने फाइल बंद केली, तिथे कोणीतरी मला बघत असल्यासारखी.

मग शेजारचे काका आठवले. गुडघ्याचं दुखणं राखून ठेवणारे. आप्पांच्याच खात्यावर, त्यांच्या बाजूच्या मागावर होते. तेही असेच खोकायचे आणि एक दिवस पेटी घेऊन गावी गेले, शिंदखेड्याच्या बाजूला. त्यांची खोली दुसऱ्या कुटुंबाला गेली. आप्पा अधूनमधून म्हणायचे, मजेत असेल तिकडे, शेताच्या बांधावर बसत असेल, बरं केलं. मायच्या फोनमध्ये काकूंचा नंबर होता. माय पाण्याला गेलेली बघून मी तो लावला. वाजत राहिला तेव्हा वाटलं, उचलू नये कोणी. पण उचलला.

मी नाव सांगितलं. काकूंना फार आनंद झाला. माझं शिक्षण, आप्पांची तब्येत, गल्लीतला नळ, सगळं विचारून झालं. मग मी विचारलं, काका कसे आहेत?

“बाई, त्या तं माघमा गयात,” काकू म्हणाल्या.

मला वाटलं, पुन्हा कुठेतरी गेले. क्षणभर मला खरंच तसं वाटलं. मग मला कळलं. मी म्हटलं, काकू, आम्हाला कोणी सांगितलं नाही. “कोनलेच नही सांगं. सांगीसन काय करतीन लोके? तठे सम्दा आपापला कामवर. तुना आप्पाले सांगू नको वं, तेस्ना जीवले लागी जाई.” त्या आणखी काही बोलत होत्या, सून बरी आहे, नातू रांगायला लागला. फोन ठेवल्यावर मी तो नंबर यादीतून पुसून टाकावा की काय असं माझ्या मनात आलं. वेडेपणाच, पण आलं.

मॅडमना सांगायला जायचं म्हणजे माझी पाचावर धारण बसली. सादरीकरण जवळ आलेलं. ज्या रेघेला त्या सरस म्हणाल्या तीच खोटी आहे असं सांगायचं, आणि ते मला कसं कळलं हेही सांगायचं. म्हणजे माझी आई पाहणीवाल्यांशी खोटं बोलते हे सांगायचं. मी त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत फिरले, पाणी प्यायले, पुन्हा गेले. आत गेल्यावर जे तोंडाला आलं ते बोलत सुटले, अर्धं हिंदी अर्धं गुजराती. वतन गेलेले लोक आजारी असतात, मॅडम. आजारी असतात म्हणूनच वतन जातात. बाजूला नाही करता येत त्यांना. रेघ चुकली आहे.

मॅडमनी कागद ओढला आणि पेनने त्या रेघेच्या खाली दुसरी रेघ काढली, भराभर उतरत जाणारी, नुसत्या अंदाजाची. त्यांचाही चेहरा उतरला होता. “तने केवी रीते खबर?” त्यांनी विचारलं. तुला कसं ठाऊक?

आमच्या लोकांत अशी रीत आहे, मी म्हटलं.

“घरमां कोई छे?”

मी नाही म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं. पण आवाज भलताच निघाला आणि मी त्यांच्या टेबलावर डोकं ठेवून रडले, एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची मुलगी, शाळेतल्या पोरीसारखी. मॅडमनी लॅपटॉप मिटला. “पेला एमने लई आव,” त्या म्हणाल्या. “बीजुं बधुं पछी.” आधी त्यांना घेऊन ये, बाकी सगळं नंतर. छातीच्या विभागातल्या एका डॉक्टरांना त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला.

सोपं वाटत होतं मला ते. बाप माझा, शहर माझं, दवाखाना बसच्या रस्त्यावर. पण त्या संध्याकाळी घरी आले तर खाटेखालची पेटी वर आली होती. माय त्यात धोतरं आणि गरम बंडी भरत होती. आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, “गावले जासू म्हंतस. हवा बदली व्हई. दिवाळीले येसू परत.”

खात्यावर त्यांना धाप लागली होती. मुकादमाने सगळ्यांसमोर खाली बसवलं होतं. शेट काही बोलला नव्हता, पण आप्पांना ते न बोलणंच लागलं. जो माणूस दोन मागांवर उभा राहू शकत नाही त्याने सुरतेत कशाला खोली अडवायची, असं आमच्या लोकांचं गणित असतं. कोणी कोणाला सांगत नाही, पेटी आपली आपणच निघते. सकाळच्या गाडीने जायचं ठरलंसुद्धा होतं.

मी दोन वर्षं जे शिकले ते सगळं त्यांच्यापुढे मांडलं. गेलेले लोक परत येत नाहीत, तिकडे दवाखाना लांब, इथे डॉक्टर ठरवून ठेवले आहेत, नुसतं फुंकायचं तर आहे. आप्पा ऐकत होते. शिकलेल्या पोरीचं ऐकावं तसं, मान हलवत, एक अक्षरही आत न घेता. माय म्हणाली, “नको ना त्याले तरास देऊ, जाऊ दे. गावमा बरं वाटी.” माझा संताप झाला. मी तिला म्हटलं, काका गेले ते बरे झाले का? आणि शब्द तोंडातून निघून गेला. काकूंनी सांगू नको म्हटलेलं.

“कोठे गया तो?” आप्पांनी विचारलं.

सांगायची गरज उरली नाही. आप्पांनी पेटीचं झाकण हळूच खाली केलं आणि त्यावर हात ठेवून बसले. त्यांच्या ओठांची हालचाल होत होती. बाजूच्या मागावर इतकी वर्षं उभा राहिलेला माणूस. मग ते खोकले, आणि खोकून झाल्यावर एकदम लहान आवाजात मायला म्हणाले, “मी दिवाळीले परत येसू म्हने. तो बी तसंच म्हने.”

माय भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. आकडे संपले होते माझे. मी म्हटलं, “आप्पा, माले भेव लागस.”

“कसानं भेव? परीक्षानं?”

“तुमनं.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी काही चोरून खाताना सापडले होते. आमच्या घरात असं कोणी बोलत नाही. प्रेमाचं नाही, भीतीचंही नाही. भीती वाटली की आमच्याकडे भांडतात किंवा झोपतात. सकाळी गाडीची वेळ झाली आणि गेली, आप्पा उठले नाहीत. मग दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि म्हणाले, चल कुठे फुंकायचं ते दाखव.

छातीच्या विभागात रांग मोठी होती. आप्पा माझ्या पुढे बसले होते आणि माझी नजर त्यांच्या मानेवर होती, इस्त्रीच्या कॉलरमधून निघालेल्या दोन वाळक्या शिरांवर. आजूबाजूला सगळे आपलेच चेहरे. कोणी पांडेसऱ्याचा, कोणी कडोदऱ्याचा. कोणी कोणाशी बोलत नव्हतं, ओळख लागेल या भीतीने. नाव पुकारलं गेलं तेव्हा आप्पांनी आधी इकडेतिकडे बघितलं, खात्यावरचं कोणी नाही ना, आणि मगच उठले.

आतला माणूस यंत्राची नळी तोंडात देऊन ओरडायला लागला, “जोर से! और जोर से! छोडना नहीं!” आप्पांनी गाल फुगवले, डोळे मिटले, सगळा जीव एकवटून फुंकलं. आणि फुंकर मध्येच तुटली. पुन्हा करायला लावलं. पुन्हा तुटली. तिसऱ्या वेळी त्यांचे ओठ निळसर झाले. पडद्यावर उमटलेली रेघ मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. अशा आकड्यांच्या राशी मी चहा पिता पिता वाचल्या होत्या. डॉक्टरांनी चष्मा शोधेपर्यंत माझं वाचून झालं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की आपल्याला वाचता येत नसतं तर बरं झालं असतं. रक्ताला घाबरून मी या विषयात आले होते. रक्त बरं, ते पुसता तरी येतं.

आणखी तपासण्या झाल्या. क्षय नव्हता. डॉक्टरांनी आप्पांना सांगितलं ते असं, की माग सोडायचा, बिडी सोडायची, हे ओढायचं औषध सकाळ-संध्याकाळ घ्यायचं, महिन्याच्या महिन्याला येऊन फुंकून जायचं. मग नर्स त्यांना औषध ओढायला शिकवत होती तेवढ्यात मला बाजूला घेऊन म्हणाले, तुम्ही याच विषयातल्या ना, मॅडमनी सांगितलं. मग तुम्हाला ठाऊकच असेल. गेलं ते परत येत नाही. उतरण हळू होईल, एवढंच आपण करू शकतो. मी हो म्हटलं. असं हो म्हणण्यासाठीच मला दोन वर्षं शिकवलं होतं.

परत आत आलो. डॉक्टर कागद पुढे सरकवत आप्पांना म्हणाले, “आप के लोग गाँव चले जाते हैं, फिर दिखते ही नहीं. आओगे ना?”

आप्पा ताठ बसले. खात्यावर शेटसमोर बसतात तसे, दोन्ही हात मांडीवर. “नहीं जाऊंगा, साब,” ते म्हणाले. “छोकरी गिनती में बैठी है.”

डॉक्टर हसले. आप्पाही हसले, आणि माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली, काम फत्ते झाल्यासारखी. बाहेर आल्यावर रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यांनी उसाचा रस मागवला, बिनबर्फाचा, आणि पुढच्या महिन्याची तारीख मला पाठ करायला सांगितली. त्यांचा चेहरा किती मोकळा दिसत होता ते मी सांगू शकत नाही. भीती गेली होती त्यांची. त्यांना वाटत होतं, आता आपण मोजणीत आलो, म्हणजे वाचलो.

पुढच्या महिन्याचा आकडा आजच्यापेक्षा मोठा कधीच येणार नाही, हे मला माहीत होतं. ते रस्त्यावरच्या गर्दीत माझा हात धरून चालत होते आणि विचारत होते, पुढच्या वेळी जास्त फुंकलं तर चालेल ना? मी म्हटलं, चालेल, आप्पा.